अंदमानचा अभ्यास दौरा

यशराज आपल्या सदस्यांना मनातल्या मनात नग म्हणायचा. तोंडावर मात्र काका, अण्णा, काकी. सकाळच्या नाष्ट्याला आणि संध्याकाळी जेवणं उरकली की तो नग मोजायचा आणि कोल्हापूरला वडलांना, म्हणजे आबांना, फोन लावायचा. "समदी जाग्यावर हायती, आबा." पलीकडून आबा म्हणायचे, "व्हय, पर डोळा ठेव. माणसाचा काय भरवसा न्हाय." आबांचं म्हणणं खरंच होतं. एवढं आयुष्य राजकारणात घालवून एवढी एकच गोष्ट त्यांना पक्की कळली होती, आणि तीही त्यांनी स्वतःवरूनच ताडली होती.

प्रकरण असं होतं. २००७ साल, तालुक्याच्या पंचायत समितीची निवडणूक नुकतीच झालेली. सदस्य सोळा. यशराजला धरून नऊ आबांच्या आघाडीचे आणि सात त्यांचे जुने विरोधक भाऊसो यांच्या, त्यांत भाऊसो स्वतः एक. आता या सोळांनी हात वर करून आपल्यातला सभापती निवडायचा होता, आणि तो यशराज होणार हे आबांनी ठरवून टाकलं होतं. गाडीला लावायची पाटीही रंगवून तयार होती. एक सदस्य फुटला तर आठाला आठ आणि चिठ्ठी, दोन फुटले तर खेळ खलास. आणि यशराजला ही शेवटची संधी होती. पुण्यात इंजिनिअरिंगची वाट लावून झाली होती, पेट्रोल पंप बुडवून झाला होता. यंदा जमलं नाही तर धाकट्याला पुढं आणतो असं आबांनी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

मागच्या वेळी आबांनी सदस्य गोव्याला नेऊन ठेवले होते. तिथं भाऊसोंची माणसं दोन जीपगाड्या घेऊन आली आणि समुद्रात डुंबणारे दोन सदस्य ओल्या चड्डीवर उचलून घेऊन गेली. त्या दोघांनी कोरडे कपडे घातले ते थेट मतदानाच्या दिवशी. तेव्हापासून आबांच्या मनानं घेतलं होतं की आता माणसं ठेवायची तर अशा ठिकाणी, जिथं जीप जात नाही. म्हणून अंदमान. बसनं चेन्नई, तिथून विमान. जनतेला सांगायला नाव 'अभ्यास दौरा'. तसा पिवळा कापडी फलकही बरोबर घेतला होता, त्यावर आबांचा फोटो सगळ्यांत मोठा, यशराजचा मधला, आणि ज्यांनी अभ्यास करायचा त्या सदस्यांचे फोटो खाली एका ओळीत, बोराएवढे.

निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना जोतिबाला नेऊन हातात गुलाल देऊन शपथ घातली, की आघाडी सोडणार नाही. शालूबाईंच्या वतीनं गुलाल त्यांचा नवरा केरबा यानं उचलला. शालूबाई डोंगराकडच्या एका वाडीच्या, पन्नाशीच्या, महिलांच्या राखीव जागेवर निवडून आलेल्या. त्यांच्या वतीनं भाषण केरबा करायचा, हार केरबाच घालून घ्यायचा, तेव्हा शपथही त्यानंच घेतली यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. दुसरी बाई क्रांती कांबळे. तिशीतली, गावात शिवणक्लास चालवायची. ती म्हणाली, "आमी बुद्धाला मानणारी माणसं. गुलालात आमाला धरू नगासा." यशराज हसून म्हणाला, "असूद्या ताई, तुमाला आमी धरलंयच की." मग त्यानं सगळ्यांचे मोबाईल गोळा केले, एका रेक्झिनच्या बॅगेत घातले, चेनला बारकं कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या सोन्याच्या साखळीत ओवली.

अंदमानात पोचल्यावर नगांनी नगांसारखंच वागायला सुरुवात केली. म्हातारा आकाराम, जो पाच वेळा निवडून आला होता आणि पाचही वेळा का ते त्याला आठवत नव्हतं, तो हॉटेलवाल्याला रोज विचारायचा, "इकडं दारूबंदी न्हाय न्हवं?" बाकीच्यांनी जेवणाला नाकं मुरडून घरनं आणलेल्या चटणीचा डबा तिसऱ्या दिवशी संपवला आणि मग त्यावरून भांडणं केली. केरबा तर समुद्राकडं पाठ करून पत्ते कुटत बसायचा. यशराज हे सगळं बघायचा आणि त्याला किळस यायची. असल्या माणसांच्या हातावर आपलं नशीब टांगलंय याची त्याला मनापासून लाज वाटायची. आपण त्यांच्यापेक्षा वेगळे आहोत हे तो कशावरून ठरवत होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक. गॉगल तेवढा भारीतला होता.

शेवटी आबांचा फोन आला. "अरं, फोटो कुटाय अभ्यासाचा? पेपरवाली इच्यारायलीत. भाऊसो सांगत सुटलाय, मेंढरं बेटावर चरायला सोडल्यात म्हणून." म्हणून मग एका सकाळी सगळी वरात तिथल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्राकडं निघाली.

वाटेत बसमध्ये शालूबाई पहिल्यांदाच आपणहून यशराजशी बोलल्या. खिडकीतून सुपारीच्या बागा मागं जात होत्या. त्या पुढच्या सीटवर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, एक इच्यारू का? आमच्या वाडीवर दवाखान्याची इमारत हाय. नर्सबाईबी हाय म्हनं, कागदावर. ती तालुक्याच्या गावातच ऱ्हाती. गेल्या पावसाळ्यात माझी सून ट्रॉलीत बाळंत झाली, वाटंतच. झालेली पोरगी हाताला लागली न्हाय. सभापती झालासा की त्या बाईला वाडीवर लावता काय?"

खरं तर यात सभापतीनं एक फोन करायचा होता. पण यशराजला पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. त्या नर्सबाईचा नवरा आबांच्या सोसायटीत कामाला होता. तो मागं वळून केरबाला म्हणाला, "अण्णा, काकींना भाषाण करायची सवय लागली की वो!" बस हसली. केरबा सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि बायकोला म्हणाला, "गप बस की खाली. मोठ्या माणसांस्नी काय इच्यारायचं कळतंय का तुला?" यशराजनं समजुतीच्या सुरात पुढं जोडलं, "काकी, तुमी हात वर करा म्हटलं की करायचा. बाकीचं आमी हाय की बघाय." शालूबाई मागं जाऊन बसल्या. क्रांतीनं सरकून त्यांना जागा दिली.

माहिती केंद्र म्हणजे धक्क्याजवळची एक बैठी, लाल पत्र्याची इमारत. दारात खाकी कपड्यातला गाईड उभा होता, बंगाली, बारीक मिशांचा, हसऱ्या तोंडाचा. त्यानं हात जोडले आणि हिंदीत सांगितलं की पिशव्या, डबे, प्लास्टिक काही आत नेता येणार नाही. लोक पिशवीतून प्रवाळाचे तुकडे पळवतात. सामान बाहेरच ठेवायचं. नगांनी जवळजवळ बंड केलं, कारण पिशव्यांत खारे दाणे होते.

यशराजच्या हातात ती रेक्झिनची बॅग होती. ती ठेवायची कुणापाशी? आकारामपाशी ठेवली तर तो बॅगेसकट विकायला काढेल. केरबाचा तर सवालच नव्हता. बस मोकळी करून ड्रायव्हर जेवायला गेला होता. यशराजनं इकडंतिकडं बघितलं आणि प्रश्न चुटकीसरशी सुटला. सहलीला गेलं की सामान कोण राखतं? देवाला गेलं तरी, लग्नाला गेलं तरी, चपला आणि पिशव्यांपाशी कोण बसतं?

"काकी, ताई, तुमी दोघी बसा हितं सावलीला. आत काय न्हाय, मासं हायती मासं. पिशव्यास्नी राखण करा."

क्रांती म्हणाली, "आमीबी सदस्य हाय की. अभ्यास आमचाबी हाय."

"मग काय! राखण करायचाबी अभ्यास असतोय," यशराज म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होऊन त्यानं आकारामच्या पाठीवर थाप मारली. बॅगचं कुलूप एकदा ओढून बघितलं. घट्ट होतं. गळ्यातली किल्लीही जागच्या जागी होती. निश्चिंत मनानं तो आत गेला.

घरी असताना शालूबाईंच्या शेजारी कायम केरबा असायचा. बैठकीला, सभेला, अर्ज भरायला. क्रांती बोलायला आली की आघाडीचा कुणी ना कुणी मध्ये तोंड घालायचाच. निवडून आल्यापासून या दोघी एकट्या अशा कधी बसल्याच नव्हत्या. हे यशराजच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात यायला आधी त्या दोघींना काही बोलायचं असेल असं वाटावं लागतं.

आत पंखे होते, गारवा होता. मधोमध बेटांचा मातीचा नकाशा मांडला होता. भिंतींच्या कडेनं काचेच्या पेट्या. त्यांत पांढरी, गुलाबी, निळसर प्रवाळं, तळहाताएवढे शिंपले, कासवाची पाठ. एका मोठ्या टाकीत पट्ट्यापट्ट्यांचे मासे फिरत होते. गाईड जीव तोडून सांगायला लागला. हे जे दगड दिसतात ते दगड नाहीत, लहान लहान जीवांनी वर्षानुवर्षं बांधलेली घरं आहेत. बोटभर वाढायला किती तरी वर्षं लागतात. एक माणूस त्यावर पाय ठेवून उभा राहिला तर सगळं मरतं. म्हणून इथून मेलेला शिंपलासुद्धा उचलायचा नाही.

"ह्यो मासा खायाला कसा लागतोय?" आकारामनं विचारलं.

गाईडनं हसून सांगितलं की हा खाण्याचा नाही. आकाराम पुढच्या टाकीपाशी गेला. "आणि ह्यो?" असं करत तो सगळ्या टाक्या फिरला आणि शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मग पाळल्यात कशाला?" दोघा सदस्यांनी काचेवर टिचक्या मारून मासे हुसकले. एकाला मगरीच्या चित्रापुढं फोटो पाहिजे होता, तोही मगर धरल्यासारखा. केरबानं मातीच्या नकाशावरचं एक बेट बोटानं उकरून बघितलं, खरंच माती आहे का म्हणून. गाईडनं "हाथ मत लगाइए" म्हटल्यावर तो यशराजला म्हणाला, "लईच कडक हाय वो ह्यो पावना."

यशराजनं त्यातलं काही ऐकलं नाही आणि काही बघितलंही नाही. तो फोटो काढायला जागा शोधत होता. पिवळा फलक टाक्यांच्या वरच्या खिळ्यांना बांधला. त्याच्यामागं माहितीचे दोन तक्ते आणि एक कासव झाकून गेलं. मग पिशव्यांतून काढून हातात धरून आणलेलं सामान पुढं आलं आणि सत्कार सुरू झाला. कोल्हापूरच्या माणसाला कुणाचा तरी सत्कार केल्याशिवाय आपण कुठं जाऊन आलो असं वाटतच नाही. गाईडला फेटा बांधला, खांद्यावर शाल टाकली आणि हातात श्रीफळ दिलं. जिकडं बघावं तिकडं नारळीची झाडं असलेल्या त्या बेटावर हा नारळ कोल्हापूरच्या बाजारातून बसनं, मग विमानानं आला होता. गाईडनं तो उलटसुलट करून बघितला आणि अदबीनं टेबलावर ठेवला. त्याला वाटलं असावं, देवाचा असेल.

"साहेबांचा अभ्यास मोठा हाय," केरबानं भाषण ठोकलं, "आमच्या तालुक्यातबी आसं एक केंद्र व्हावं, अशी मी आमच्या मंडळींच्या वतीनं मागणी करतो." कशाचं केंद्र, हे कुणी विचारलं नाही. मंडळी बाहेर पिशव्या राखत होत्या. टाळ्या झाल्या. मग अंधाऱ्या खोलीत समुद्राखालची फिल्म लावली आणि गार हवेत सगळे नग घोरायला लागले. यशराज तेवढा जागा होता. मोबाईल उघडून तो स्वतःचे फोटो बघत होता.

दोनेक तासांनी सगळे बाहेर आले. दोघी तशाच झाडाखाली बसल्या होत्या. कुणाच्या तरी पिशवीतले खारे दाणे त्यांच्या पदरात होते आणि टरफलांचा बऱ्यापैकी ढीग झाला होता. यशराजनं आधी बॅग उचलली. कुलूप शाबूत. किल्ली गळ्यात. हलवून बघितली, मोबाईल वाजले. त्यानं आजूबाजूला नजर टाकली. कुठं जीप नाही, अनोळखी माणूस नाही, एक कुत्रं तेवढं सावलीला पडलं होतं.

"कुणी आलंतं का हितं?" त्यानं विचारलं.

"कोण येतंय? कोण न्हाय," शालूबाई म्हणाल्या.

"मग काय केलासा एवढा येळ?"

"बोलत बसलो," क्रांती म्हणाली.

त्यानं संध्याकाळी आबांना सांगितलं, "समदी जाग्यावर हायती. अभ्यासबी झाला." फोटो दुसऱ्या दिवशी कोल्हापूरच्या पेपरात आला. त्यात सगळे होते, दोघी सोडून. तेवढं कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी सकाळी बस थेट पंचायत समितीच्या दारात लागली. घरी कुणाला सोडलंच नाही. फाटकाबाहेर आबांची माणसं हलगी, गुलालाची पोती आणि फटाक्यांच्या माळा घेऊन उभी होती. आत फक्त सदस्यांना प्रवेश. केरबा सवयीनं बायकोच्या पुढं होऊन आत शिरायला लागला, तेव्हा पोलिसानं त्याला छातीवर हात लावून थांबवलं. "सदस्य कोण?" केरबानं मागं बोट दाखवलं. "मग त्यांनाच जाऊ दे," पोलीस म्हणाला, आणि केरबा चहाच्या गाड्यावर जाऊन बसला.

सभापतिपदासाठी यशराजचा अर्ज आला. भाऊसोंच्या सात जणांतूनही एक अर्ज आला, हरायचाच पण भरायचा म्हणून भरलेला. मग क्रांती उठली आणि तिनं तिसरा अर्ज अधिकाऱ्यापुढं ठेवला. उमेदवार शालूबाई, सूचक क्रांती कांबळे. अधिकाऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा यशराजला आधी हसू आलं. त्याला वाटलं, बायांनी काही तरी घोळ घातला. तो वाकून म्हणाला, "काकी, चुकून सही केलासा काय? मागं घ्या ते."

"चुकून न्हवं, दादा," शालूबाई म्हणाल्या. "इच्यार करून."

भाऊसो मुरलेले गडी. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या उघड्या पडलेल्या तोंडावरूनच दिसत होतं. पण ताट समोर आलं की कुणी वाढलं ते विचारत बसणारा माणूस तो नव्हे. माघारीची वेळ संपायच्या आत त्यांनी आपल्या माणसाचा अर्ज मागं घेतला. मतदान सुरू झालं. यशराजच्या नावाला हात वर झाले ते सात, त्यातला एक त्याचा स्वतःचा. शालूबाईंच्या नावाला भाऊसोंचे सात, क्रांतीचा एक आणि शालूबाईंचा एक. आपला हात त्यांनी सगळ्यांच्या शेवटी वर केला. कुणी कर म्हटलं नव्हतं. निकाल वाचून होईपर्यंत तो तसाच वर होता, शेवटी क्रांतीनं हसत खाली घेतला.

मग शालूबाई खुर्चीत बसल्या. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते, म्हणून त्या पुढं सरकून बसल्या. समोर उभ्या असलेल्या गटविकास अधिकाऱ्याला त्यांनी पहिली गोष्ट विचारली, "आमच्या वाडीवरच्या नर्सबाईचं नाव काय वो सायेब? तिला उद्या हितं बोलवा."

यशराजनं क्रांतीला व्हरांड्यात गाठलं. त्याचा गॉगल कपाळावर तिरका झाला होता. "भाऊसो कुटं भेटला तुमाला? फोन कवा केलासा? खरं सांगा."

"फोनची किल्ली तर तुमच्या गळ्यात हुती," क्रांती म्हणाली. "आमाला कोण भेटलं न्हाय. तुमी मासं बघाय गेलासा आणि आमी दोगी बसलो. शालूकाकींनी मला सुनंचं सगळं सांगितलं. मधी कोण बोलाय नव्हतं, म्हणून शेवटपातूर सांगितलं. मग मी म्हटलं, दुसऱ्याला सभापती करून त्याच्या पाया पडण्यापरीस तुमीच व्हा की. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच. दोन तास लई झालं त्याला," असं म्हणून ती आत गेली.

फाटकाबाहेर हलगी कडाडत होती. वाजवणाऱ्यांना अजून कळलं नव्हतं कुणासाठी वाजवायची. केरबा चहाचा कप हातात धरून कधी आबांच्या माणसांत, कधी भाऊसोंच्या माणसांत उभा राहून बघत होता, आपण नेमके जिंकलो की हरलो ते त्याला कुणी सांगत नव्हतं. यशराजचा मोबाईल वाजला. आबा.

"कुणी फोडलं?" आबांनी एवढंच विचारलं.

"कुणी न्हाय, आबा. त्या दोगी म्हणत्यात आमीच बोलून ठरीवलं."

मग आबांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीतला. "येड्या, बाया आपल्या आपण ठरीवत्यात व्हय? आँ? कोणतरी पुरुषमाणूस असल्याबिगर हे हुतंय काय? तितं कोण कोण हुतं, नीट आठव. न्हाय तर घरला तोंड दावू नगंस. धाकट्याला सांगतो आता मी."

यशराजनं डोळे मिटले आणि आठवायला लागला. सुपारीची बाग, धक्का, लाल पत्रा. झाडाखाली टरफलं. कुत्रं. सगळं डोळ्यापुढं होतं, आणि त्यात पुरुषमाणूस म्हणून एकच होता. बारीक मिशांचा, हसऱ्या तोंडाचा, आत नेऊन दोन तास सोडायचं नाव न घेणारा. मुळात पिशव्या बाहेर ठेवा म्हणून सांगितलं होतं कुणी? केवढी खोल चाल!

"आबा," तो म्हणाला, "त्यो गाईड भाऊसोचाच माणूस असणार."

आबांना ते लगेच पटलं.